गयामायला पान लागलं त्या दिवशी

निवृत्तीनंतरची माझी पहिली पोस्टिंग माझ्याच गावात झाली. लेखी ऑर्डर आली नव्हती. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसर डॉ. फरहीन एका सकाळी जीप घेऊन दारात आल्या. ओसरीवर बसल्या, माझ्या बायकोने दिलेला चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "सुभेदारसाहेब, मला तुमचे पाय पाहिजेत."

मला वाटले, बाई माझे गुडघे तपासायला आल्या.

"चालायला हो," त्या हसल्या. "तालुक्यातल्या गावांना आरोग्याची नेमकी कशाची गरज आहे, ते घरोघर जाऊन विचारायचंय. आशाताई एकटी कुठं कुठं पुरणार? तुम्ही सोबत असलात तर लोक दार उघडतील."

मी आर्मी मेडिकल कोअरचा माणूस. नर्सिंग असिस्टंट म्हणून लखनौला ट्रेनिंग केले आणि नायब सुभेदार होऊन बाहेर पडलो. मधली सगळी वर्षे पलटणींच्या एमआय रूममध्ये गेली. एमआय रूम म्हणजे युनिटचा दवाखाना. सकाळी सिक रिपोर्ट, मग इंजेक्शने, पट्ट्या, बुटांनी आलेले फोड. रात्री कुणाला ताप भरला तर मला उठवायचे. बंदुकीपेक्षा थर्मामीटर जास्त हाताळला. गावात मात्र फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, तसा मीही मेजर झालो.

मी मॅडमना "येस मॅम" म्हणालो. बायको आतून म्हणाली, "बरं झालं. घरात बसून भांड्यांची इन्स्पेक्शन करायलेत रोज."

आमचे गाव सोनपेठ तालुक्यात, गोदावरीपासून जवळ. जमीन काळी. दिवाळी झाली की अर्धे गाव ऊसतोडीला जाते. कुलूप लागलेल्या घरांच्या ओळी दिसतात. मागे राहतात म्हातारी माणसे, शाळेतली पोरे आणि कापूस वेचायला थांबलेल्या बाया. सर्व्हे याच दिवसांत सुरू झाला. आशाताई सुनीता आमच्याच बौद्धवाड्यातली, पुतण्याच्या मित्राची बायको. मला काका म्हणायची. सकाळी सातला ती समाजमंदिरापुढे उभी असायची. "जय भीम, काका. आज वरची आळी." की आम्ही निघालो.

मला ते काम आवडले. हे मोकळेपणाने सांगतो. सकाळची थंडी, शेकोटीचा वास, प्रत्येक घरी चहा. नको म्हटले तरी चहा. तिसऱ्या दिवशी मी सुनीताला म्हणालो, या सर्व्हेत पहिला शुगरचा पेशंट मीच निघणार.

फौजेत आजारी जवान आपल्या पायांनी रांगेत येतो. गावात तसे नसते. माणूस दारातच बसलेला असतो, पाय सुजलेले असतात, आणि म्हणतो, "मला काय झालंय? वय झालंय." बीपीचे यंत्र दंडाला लावले की यंत्र वेगळेच सांगते. आम्ही विचारायचो: ताप, खोकला, दम, शुगर, बीपी, गरोदर बाई, पाणी कुठले, संडास आहे का. लोक उत्तरे द्यायचे. एका म्हातारीने मोतीबिंदू झालेला डोळा मला दाखवला आणि म्हणाली, "याच्यातून तू चांगला दिसतूस रे, धुरकट." असे हसत हसत काम चालले होते.

गयामायने मात्र आम्हाला उंबऱ्यावरूनच वाटेला लावले. गयामाय म्हणजे गयाबाई, पन्नाशी ओलांडलेली, काटक, तोंडाने फटकळ. नवरा वारलेला. मुलगा आणि सून ऊसतोडीला कोल्हापूरकडे. दिराचे घर शेजारी. ती डोक्याला फडके बांधून कापसाला निघाली होती.

"गयामाय, दोन मिनिटं बीपी बघू द्या," सुनीता म्हणाली.

"मला काय धाड भरलीय? बीपी बगायला बसले तर कापूस काय मेजर येचणार हाय का?"

मी म्हणालो, "वेचीन की."

"मंग ये शेतात. तितं बग काय बगायचं ते."

ती गेली. मी सुनीताला म्हणालो, चला, या घराला उद्या दुसरा अटॅक.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास आम्ही मारुतीच्या पाराजवळ होतो. शिवाराकडून एक बाई धावत येताना दिसली. ती लांबूनच ओरडत होती.

"पान लागलं! गयामायला पान लागलं!"

आमच्याकडे सापाचे नाव घेत नाहीत. साप चावला असे कुणी म्हणत नाही, पान लागले म्हणतात. सुनीताने पिशवी पारावर टाकली. मी विचारले, "कुठं?" "बांधावर. कापसाची गठडी उचलाया गेली, खाली जनावर व्हतं. फडा काढला व्हता त्यानं."

म्हणजे नाग.

आम्ही धावलो. गयामाय बांधावर बसली होती. उजवा हात मांडीवर, करंगळीजवळ दोन खुणा, हात सुजायला लागलेला. तिचा दीर विठ्ठल मोटारसायकल चालू करून उभा होता. त्याने तिच्या मनगटाच्या वर सुतळी करकचून आवळली होती. कापूस वेचणाऱ्या पाच-सहा बाया भोवती. कुणी रडत होते.

मी खाली बसलो. नाडी बघितली. जलद, पण भरलेली. श्वास ठीक होता, नजरही.

"गयामाय, उलटी? डोळ्यांपुढं अंधारी?"

"न्हाई. हात जळायलाय."

"हात हलवायचा नाही. चालायचं नाही. बोलायचंही कमी."

"ते कसं जमंल?" ती म्हणाली. भोवतालच्या बाया रडत रडत हसल्या.

मी तिच्या हातातले कडे ओढून काढले, नाहीतर सुजेत रुतले असते. दोन तुराट्या घेऊन हात कोपरापर्यंत बांधला, फ्रॅक्चरला बांधतात तसा. सुतळी तशीच ठेवली. ती एकदम सोडली तर अडलेले विष एकदम पुढे जाते. ती डॉक्टरांसमोर, औषध तयार ठेवून सोडायची असते.

विठ्ठल म्हणाला, "मेजर, सरका. ठाण्यावर नेतो वहिनीला. गाडी चालू हाय."

ठाणे म्हणजे चार कोसांवरचे नागोबाचे स्थान. पान लागलेल्या माणसाला तिथे नेऊन लिंबाच्या पाल्याने विष उतरवतात.

"दवाखान्यात न्यायचं, विठ्ठलराव."

"तुमी फौजेत असाल मोठे. आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या ठाण्यावरच नेत्यात. लय लोक वाचलेत तितं."

"बिनविषारी चावलेले वाचले असतील. हा नाग आहे."

"जिभेवर नाव घेऊ नका!"

त्याचा आवाज चढला. माणूस वाईट नव्हता. घाबरला होता. मी त्याच्या जागी असतो आणि मला दुसरे काही शिकवलेच नसते, तर मीही तेच केले असते. मी म्हणालो, "ठाण्यावर तुम्ही जा. नारळ फोडा, हात जोडा. मी अडवत नाही. वहिनीला माझ्याकडं द्या."

त्याने हँडल सोडले नाही. मोटारसायकल तशीच फटफट करत होती. तेवढ्यात गयामाय बोलली. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे.

"इठ्ठल, ती गाडी बंद कर. मला दवाखान्यात जायचंय."

"वहिनी…"

"बंद कर म्हनलं न्हवं?"

त्याने किल्ली फिरवली.

मी फोन लावला. शिवारात रेंज एका चिंचेखालीच येते. तिथे उभा राहिलो.

"मॅडम, सुभेदार बोलतोय. सर्पदंश. नाग, बघितलेला. बाई, पन्नाशीची. शुद्धीवर. श्वास ठीक. हात बांधला. वर सुतळी आहे, सोडलेली नाही."

"एकशेआठची अँबुलन्स डिलिव्हरी घेऊन गंगाखेडला गेलीय," पलीकडून आवाज आला. घाबरलेला नव्हता. "मी आपली जीप घेऊन फाट्यावर येते. पेशंटला चालवू नका. सुतळीला हात लावू नका."

"येस मॅम. बाजेवर आणतो."

विठ्ठल पळत जाऊन आखाड्यावरची, म्हणजे शेतातल्या गोठ्यावरची, बाज घेऊन आला. आम्ही तिला आडवी केली. पुढे मी आणि विठ्ठल, मागे दोन बाया, बाजूला सुनीता. "उचला," मी म्हणालो, "एकदम." वाट ढेकळांची. बाया अनवाणी. पाय एका तालात पडत होते, कुणी शिकवले नसताना. मी आयुष्यात पुष्कळ स्ट्रेचर उचलले आहेत. इतके कमी हललेले स्ट्रेचर आठवत नाही.

फाट्यावर जीप आलीच होती. आरोग्य केंद्रात पोचेपर्यंत गयामायच्या पापण्या खाली यायला लागल्या. झोप आल्यासारख्या. ती म्हणाली, "दोन-दोन मेजर दिसायलेत." जीभ जड झाली होती. डॉक्टर मॅडमनी सलाइन लावले, सर्पविषाची लस चढवायला घेतली, नसांवरचे इंजेक्शन दिले, मगच सुतळी हळूहळू ढिली केली. हात भराभर चालत होते. मग त्या बाजूला येऊन मला म्हणाल्या, "लस चालू आहे, पण श्वास बंद पडणार. व्हेंटिलेटर परभणीलाच. वाटेत काय करायचं?"

"बॅग आहे?"

"अँबू बॅग आहे. एकच."

"एकच पुरते, मॅम."

अँबू बॅग म्हणजे रबरी फुगा आणि त्याला मास्क. रुग्णाचा श्वास थांबला की मास्क तोंडावर घट्ट धरायचा आणि फुगा दाबायचा. एक दाब, एक श्वास. दाबणारा थांबला की संपले.

आम्ही निघालो. केंद्राचा ड्रायव्हर अंकुश गाडी चालवत होता. मागे गयामाय, उशाला मी, डाव्या बाजूला मॅडम सलाइनची बाटली धरून, पायाशी सुनीता. विठ्ठल पुढे अंकुशशेजारी बसला, सारखा मागे वळून बघत.

वाटेतल्या पोखर्णी गावाच्या बरेच अलीकडे गयामायची छाती हलायची थांबली. ओठ निळसर झाले.

"मॅम, श्वास गेला."

"सुरू करा."

मी मास्क बसवला आणि दाबले. छाती वर आली. सोडले. खाली गेली. पुन्हा. सुनीता बोलायला लागली, "दाब, काका… सोड… दाब… सोड…" तिचा ताल चुकत नव्हता. खड्डा आला की अंकुश आधी ओरडायचा, "धरा!" पुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. विठ्ठल खिडकीतून अर्धा बाहेर लटकून हात जोडत होता. ट्रॉल्या एकामागे एक कडेला उतरल्या. एकानेही वाद घातला नाही.

नागाच्या विषाबद्दल लोकांना एक गोष्ट ठाऊक नसते. शरीर हलत नाही, डोळे उघडत नाहीत, पण माणूस आत जागा असू शकतो. त्याला ऐकू येते. म्हणून मी बोलत राहिलो. काय बोलावे सुचत नव्हते. कापसाचे बोललो.

"गयामाय, ऐकायलीस ना? श्वास मी घ्यायलोय तुझ्यासाठी. तू घाबरायचं काम नाही. तुझा कापूस कुठं जात नाही, घरी येतो. मी स्वतः आणतो. पोराला फोन केलाय. निघालाय तो."

पोराला फोन अजून झाला नव्हता. मॅडमनी माझ्याकडे बघितले, एका हातात बाटली धरून दुसऱ्या हाताने मोबाइल काढला आणि सुनीताकडे दिला. सुनीताने ताल न सोडता नंबर लावला आणि फोन विठ्ठलकडे दिला.

पोखर्णीत देवळाचे शिखर डावीकडून मागे गेले. माझ्या बोटांत गोळे आले. पंजा उघडेना. "रिलीफ," मी म्हणालो. सुनीताला तो शब्द माहीत नव्हता, पण माझा हात बघून ती पुढे सरकली. मी मास्क धरला, तिने फुगा घेतला. पहिले दोन दाब जोरात गेले. "हळू. बाळाला पाजल्यासारखं." तिसरा बरोबर बसला. आता मी ताल धरला आणि ती दाबत राहिली. परभणी येईपर्यंत आम्ही असेच आलटून पालटून चाललो. सलाइनची बाटली मॅडमनी एकदाही खाली आणली नाही.

मोठ्या दवाखान्याच्या दारात माणसे तयार उभी होती. मॅडमनी वाटेतूनच कळवले होते. त्यांनी गयामायला आत नेले, नळी घातली, यंत्राला जोडले. एका तरुण डॉक्टरने माझ्या हातातून फुगा घेतला. माझी बोटे त्याच्याभोवती वळलेलीच राहिली. सुनीता व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसली आणि मग रडली. विठ्ठलने तिला पाणी आणून दिले. दोघांत कधी बोलणे नव्हते.

गयामाय यंत्रावर होती तोवर तिचा मुलगा येऊन पोचला. तिने डोळे उघडले, पोराला बघितले, मला बघितले. नळी निघाल्यावर घसा बसला होता. तरी पहिले वाक्य पूर्ण बोलली.

"कापूस आनला का?"

"तुला ऐकू येत होतं?" मी विचारले.

"समदं. सोड-दाब, सोड-दाब. ही सुनीता तर कानात कोकलत व्हती." मग सुनीताचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर मॅडम वॉर्डात आल्या. स्टूल ओढून बसल्या आणि विचारले, "गयामाय, सगळे ठाण्यावर न्यायचं म्हणत होते. तुम्ही कशा तयार झालात दवाखान्याला?"

गयामाय छताकडे बघत म्हणाली, "माजी धाकटी जाऊ. सोजर. ह्या इठ्ठलाची पयली बायकू. भरल्या दिवसांची व्हती. पान लागलं. ठाण्यावर नेली. मी मांडीवर घिऊन बसले व्हते. पापन्या पडल्या तिच्या, माज्या पडल्या तशाच. लोक म्हनले, झोप लागली, उतरलं. मी बी तेच समजले."

विठ्ठल दारात उभा होता. तो बाहेर निघून गेला.

मॅडम म्हणाल्या, "सर्व्हेत कुणीच सांगितलं नाही. एकाही घरानं सर्पदंश सांगितला नाही."

"आजारी कोन ते इचारलं तुमी," गयामाय म्हणाली. "सोजर आजारी कुटं हाय?"

बाहेर आल्यावर आम्ही तिघे जीपपाशी उभे होतो. मॅडम म्हणाल्या, "दवाखान्यात पोचण्याआधी गेलेले आपल्या हिशेबातच येत नाहीत. परत फिरावं लागेल, सुभेदारसाहेब."

"फिरू, मॅम."

आम्ही परत सगळ्या घरी गेलो. एकच प्रश्न वाढवला, आणि तो गावाच्या भाषेत: घरातलं कुणी पान लागून गेलंय का? लोक आधी इकडेतिकडे बघायचे. मग आतून कुणीतरी म्हणायचे, "बसा."

त्याचे पुढे काय झाले ते सांगतो. परत फिरून जे कळले ते मॅडमनी वर मांडले, भांडून मांडले. केंद्रात लस कायम राहायला लागली. बॅगा जास्त आल्या. मी आणि सुनीताने गावोगावी जाऊन आशाताईंना, जीपवाल्यांना, ग्रामपंचायतीच्या शिपायांना उशीवर मास्क ठेवून दाबायला शिकवले. अंकुश सगळ्यांत चांगला शिकला. वेचणीच्या बायांना गमबूट आणि काठी मिळाली. गमबुटात पाय घामेजतात म्हणून गयामायने ते पहिल्याच दिवशी बांधावर काढून ठेवले होते. मी ओरडल्यावर घातले. पुढच्या हंगामात दुसऱ्या गावच्या एका शेतमजुराला नाग चावला, त्यालाही याच रस्त्याने जिवंत नेले. तेव्हा फुगा माझ्या हातात नव्हता. मी त्या दिवशी मुलीकडे पाथरीला होतो आणि फोनवर ऐकून घेतले. फौजेत इतकी बक्षिसे वाटताना बघितली, पण त्या फोनइतके समाधान मला कशाने झाले नाही. गयामायच्या मुलाने गावाजवळच काम धरले. ती अजून कापूस वेचते आणि मला बघितले की विचारते, "मेजर, येतूस का येचायला?" मी जातो. तिच्या निम्मा होतो माझा कापूस.

पण ग्रामसभेचे सांगायचे राहिले. ती आम्ही परत घरोघर फिरल्यानंतर, पण लस आणि बॅगा यायच्या आधी झाली.

शाळेच्या मैदानात सभा होती. मॅडमनी गावाच्या गरजा वाचून दाखवल्या. बीपीच्या गोळ्या, मोतीबिंदू, पाण्याची टाकी. मग त्या म्हणाल्या, "एक गोष्ट मी वाचणार नाही. ज्यांच्या घरातलं माणूस पान लागून गेलं, त्यांनीच नाव सांगावं. तेवढंच."

कुणी उठेना. मग विठ्ठल उठला. "सोजर," तो म्हणाला. थांबला. "आनि तिच्या पोटातलं." आणि उभाच राहिला.

मी कडेला बसलो होतो. मी उठून सावधान उभा राहिलो. ठरवून नाही. शहिदाचे नाव पुकारले की आम्ही बसत नाही. माझ्याकडे बघून सुनीता उठली. मग मॅडम.

त्यानंतर एकेक जण उठायला लागला. कुणाचा भाऊ. कुणाची शाळेतली लेक. कुणाचा बाप, मळणीच्या दिवसांत गेलेला. आमच्या बौद्धवाड्यातून, पाटलांच्या आळीतून, मुसलमानांच्या घरांतून. नाव सांगायचे आणि उभे राहायचे. कुणी रडून गोंधळ केला नाही. हळूहळू बसलेल्यांपेक्षा उभे असलेले जास्त झाले.

शेवटी पारावर नेहमी बसणारे रामजीआबा काठी टेकत उठले. ऐंशीच्या पुढचे. म्हणाले, "आमच्या घरचं मानूस गेलं व्हतं. लय वर्सं झाली."

सुनीताने हळूच विचारले, "आबा, नाव?"

आबांनी मान खाली घातली. त्यांच्या पिढीत नवरा बायकोचे नाव घेत नसे. जिवंतपणी कधी घेतले नव्हते. ओठ हलले, आवाज आला नाही. सगळे मैदान उभे होते आणि वाट बघत होते.

"यशोदा," ते म्हणाले.